तुम्हाला आता काहीही करायचं नाही

‘आज तुम्ही दोघांनी मरायचं आहे,’ शर्वरी टिपणीस म्हणाल्या आणि खुर्ची ओढून आमच्या मागे बसल्या. ‘घाई नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सावकाश मरा.’

फिरोज मुलाणी आणि मी एकमेकांकडे बघून हसलो. नोकरीचा दुसरा आठवडा होता आणि त्या वयात मरणाचं हसू येतंच. आम्ही दोघं त्या वर्षी नव्याने घेतलेले पदवीधर, तो सांगलीचा, मी बार्शीची. हुद्दा होता शिकाऊ कंटेंट डिझायनर. हे नेमकं काय असतं ते आईला फोनवर समजावताना माझी दमछाक झाली होती. ‘अगं, मोबाइलवर लिहिलेलं असतं ना, पुढे जा, मागे या, तुमचा अर्ज मिळाला? ते कोणीतरी लिहावं लागतं. ते मी लिहिते.’ आई म्हणाली, ‘आणि त्याचा पगार देतात?’

पुण्यातल्या आमच्या कंपनीकडे तेव्हा एका महानगरपालिकेचं काम होतं. घरात कोणी गेलं की मृत्यूची नोंद करायला खेटे घालायला लागू नयेत, घरी बसून फोनवरूनच सगळं व्हावं, अशी सेवा तयार होत होती. तिच्यातला शब्द न् शब्द शर्वरीताईंच्या हाताखालून जायचा. त्यांची एक पद्धत होती. ज्याला या सेवेसाठी लिहायचंय, त्याने आधी स्वतःच्या नावाने स्वतःचा मृत्यू नोंदवायचा. खोटं नाव चालायचं नाही, टिंगल चालायची नाही. फोनसुद्धा सकाळीच त्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवावे लागायचे. ‘दुसऱ्याच्या मरणावर लिहिताना हात फार सैल सुटतो,’ त्या म्हणायच्या. टीममधले सगळे असे एकेकदा मेलेले होते, आणि नवीन कोणी मेलं की संध्याकाळी जिलबी यायची.

मी नाव टाकलं, उमा दिगंबर होनराव. जन्मतारीख टाकली. मृत्यूचं ठिकाण विचारलं तेव्हा काय लिहावं सुचेना, म्हणून आमच्या ऑफिसचाच पत्ता टाकला. मग आला तो रकाना. जवळच्या नातेवाइकाचा मोबाइल नंबर.

‘खराच द्या,’ मागून शर्वरीताई म्हणाल्या. ‘मेसेज त्यांना जाणार नाही. चाचणीतले सगळे मेसेज त्या तिथल्या फोनवर येतात.’ खिडकीत चार्जिंगला लावलेला एक जुनाट फोन त्यांनी दाखवला.

फिरोजने स्वतःचाच नंबर दिला. ‘घरच्यांच्या नंबरला कशाला हात लावू,’ तो हळूच मला म्हणाला. मला मात्र एकच नंबर पाठ होता. आमच्या छापखान्याच्या पाटीवर रंगवलेला, शाळेत जाता-येता रोज दिसणारा. अण्णांचा.

अण्णा माझ्याशी बोलत नव्हते. वर्ष उलटून गेलं होतं. होनराव मुद्रणालय त्यांनी एकट्याने उभं केलं होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि मुख्य म्हणजे निधनाची पत्रकं. बार्शीत कोणी गेलं की घरचे आधी डॉक्टरकडे आणि मग अण्णांकडे येत. मी मराठी घेऊन बी.ए. झाले तेव्हा त्यांनी गृहीतच धरलं होतं की आता छापखान्यावर मी बसणार. मी वर्षभराच्या लेखनाच्या कोर्सला पुण्याला जाते, मग तिथेच नोकरी बघते म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘शब्दांचंच काम करायचं तर घरचं काय वाईट होतं?’ त्यावर मी काहीतरी फटकन बोलले. तेही काहीतरी बोलले. मग त्यांनी बोलणंच सोडलं. मी आईला फोन केला की मागे घराला लागूनच्या छापखान्यातल्या यंत्राचा आवाज यायचा आणि मला कळायचं की अण्णा घरात आहेत, बरे आहेत. तेवढ्यावर आमचं चाललं होतं.

तर मी तो नंबर टाकला.

शेवटी मेसेज लिहायचा होता. नातेवाइकाला जो जाईल तो मेसेज नव्या माणसाने स्वतः लिहायचा, हाही पद्धतीचाच भाग. मी आधी लिहिलं, ‘कळवण्यास अत्यंत दुःख होते की...’ घरचंच वळण ते. शर्वरीताईंनी खोडलं. ‘त्याचं माणूस गेलंय. दुःख तुला होतंय का त्याला? आणि निधन, देवाज्ञा, स्वर्गवास काही नको. वाचणाऱ्याच्या मनात शंका राहिली तर तो फोन करत बसतो, हेलपाटे घालतो. त्याला कळलं पाहिजे की काय झालंय आणि आता त्याला काय करायचंय.’

मी पुन्हा लिहिलं. पुन्हा. फिरोजचं होऊन गेलं तरी माझं चालूच होतं. शेवटी जे उरलं ते असं होतं:

‘उमा दिगंबर होनराव यांच्या मृत्यूची नोंद झाली आहे.’ खाली ठिकाणाचा पत्ता. आणि मग, ‘दाखला घरपोच येईल. तुम्हाला आता काहीही करायचं नाही.’

शर्वरीताईंनी ते मोठ्याने वाचलं. ‘हे शेवटचं वाक्य,’ त्या म्हणाल्या, ‘हे तसंच ठेवू. माणसाला सगळ्यात आधी हे ऐकायचं असतं.’

त्या पदराने चष्मा पुसत होत्या. मला आकाश ठेंगणं झालं. मी ‘पाठवा’ दाबलं.

जेवणाच्या सुट्टीत ड्रॉवर उघडला. फिरोजने आपला फोन घेतला आणि खो-खो हसत सुटला. ‘हे बघ! फिरोज रशीद मुलाणी यांच्या मृत्यूची नोंद झाली आहे. मलाच कळवलंय लेकाच्यांनी!’

तो हसत होता आणि शर्वरीताईंनी खिडकीतला तो जुना फोन उचलला. त्यावर काहीच आलं नव्हतं.

मी माझा फोन घेतला. अण्णांचे फोन येऊन गेले होते. एकामागून एक. पडदाभर त्यांचंच नाव होतं. वर्षभर ज्या नावाची मी वाट बघत होते, ते असं आलं होतं.

मी लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. घरी लावला तर आईने उचलला आणि तिचा आवाज नेहमीसारखाच होता. ‘काय गं, आज दुपारी?’

‘अण्णा कुठायत?’

‘सोलापूरला गेले. ते कागदवाले व्यापारी नाहीत का, ते गेले म्हणे अचानक. फोन आला आणि ह्यांनी मोरीत जाऊन डोक्यावरून पाणी ओतलं, अंगातल्या कपड्यांसकट. मी म्हटलं, तुम्ही कधीपासून असलं पाळायला लागलात? सोयरं ना सुतक. तर काही बोललेच नाहीत. ओल्या सदऱ्यानंच गेले बघ. जेवले पण नाहीत. का गं? काही काम होतं?’

‘नाही,’ मी म्हणाले. ‘सहजच.’

आईला काय सांगणार होते? तिला काहीच माहीत नव्हतं. ते तिला न सांगता, एकटे, ओल्या अंगाने एसटीत बसले होते आणि मला आणायला येत होते.

पुढचे तास कसे गेले ते मला सांगता येत नाही. चूक कुणाची ते लगेच समजलं. आदल्या संध्याकाळी तांत्रिक विभागातल्या कोणीतरी मेसेज पाठवणारी यंत्रणा बदलली होती, आणि चाचणीचे मेसेज अडवायची सोय पुन्हा चालू करायचं राहून गेलं होतं. माणसं खालच्या मजल्यावरून वर येऊन माफी मागून गेली. मी मान हलवत राहिले. दर थोड्या वेळाने अण्णांचा नंबर लावत होते. त्यांचा फोन जुना होता, चार्ज करायचं त्यांच्या कधी लक्षात राहायचं नाही. माझ्या न उचललेल्या फोनवर पुन्हा पुन्हा लावूनच त्याची बॅटरी संपली असणार.

‘मी स्वारगेटला जाऊन थांबतो,’ फिरोज म्हणाला. ‘बार्शीची प्रत्येक गाडी बघतो. कसे दिसतात?’

‘उंच. पांढरा सदरा. बोटांना शाई.’

तो गेला. शर्वरीताई माझ्याजवळ बसून राहिल्या. चाळीस-पन्नास माणसांचं ऑफिस, पण त्या दिवशी कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. शिपाई जिलबीचा पुडा घेऊन आला आणि कोणी काही न सांगताच परत घेऊन गेला. ‘उमा,’ शर्वरीताई म्हणाल्या, ‘खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात,’ आणि त्यांनी स्वतःच ओठ चावला. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मी मनातल्या मनात फक्त अण्णांची एसटी बघत होते. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, पाटस. ती गाडी कुठल्या कुठल्या स्टँडवर किती वेळ थांबते ते मला पाठ होतं. प्रत्येक स्टँडवर लोक उतरून चहा घेत असतील आणि अण्णा जागचे हलत नसतील.

ऊन कलायला लागलं तेव्हा खालून रिसेप्शनचा फोन आला. ती मुलगी दबक्या आवाजात बोलत होती.

‘उमा मॅडम, खाली एक गृहस्थ आलेत. ते विचारतायत...’ ती थांबली. ‘उमा होनरावला कुठं ठेवलंय, असं विचारतायत.’

मी जिना कसा उतरले देव जाणे. ते टेबलाशी उभे होते, माझ्याकडे पाठ करून. सदरा वाळला होता पण अंगाला चिकटून चुरगळलेला. हातात कापडी पिशवी. फिरोजला चुकवून ते कसे आले कोण जाणे, स्टँडच्या बाहेर हायवेवरच उतरून रिक्षा केली असावी.

‘अण्णा!’

त्यांची पाठ ताठ झाली. ते वळले नाहीत.

‘अण्णा, मी आहे. मला काही झालेलं नाही. चुकून मेसेज गेला. मी आहे, अण्णा.’

‘उमा?’ ते म्हणाले. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले.

‘हो.’

‘पुन्हा बोल.’

‘मी आहे, अण्णा.’

त्यांनी टेबलाची कड धरली. मी पुढे होऊन त्यांच्यासमोर जायला लागले तर त्यांनी मान खाली घातली आणि हात पुढे केला. मी माझा हात त्यात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, मनगट चाचपलं, बोटं एकेक करून दाबून बघितली. माझ्या हाताकडेच बघत होते. मग तो हात त्यांनी स्वतःच्या छातीशी धरला आणि ते रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. रिसेप्शनची मुलगी उठून बाहेर निघून गेली.

वर कँटीनमध्ये मी त्यांना घेऊन गेले. त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली आणि बसले. पाणी प्यायले, चहा प्यायले, पुन्हा पाणी. आणि मग बोलायला लागले. वर्षभराचं बोलले. आईचं गुडघ्याचं दुखणं, नवीन यंत्राची कटकट, शेजारच्या पाटणकरांनी जिन्यात बसवलेली जाळी. मी कुठं राहते, जेवण कसं आहे, पाणी उकळून पिते का, सगळं विचारलं. मी उत्तरं देत होते आणि हरखून गेले होते. फक्त एक गोष्ट टोचत होती. ते खिडकीकडे बघून बोलत होते.

‘तो मेसेज,’ ते म्हणाले. ‘कोणी लिहिला?’

‘मी.’

त्यांनी मान डोलवली. ‘चांगला लिहिलास. कुठं अडखळलो नाही. आपल्याकडं निधन लिहितात, दुःखद लिहितात, वाचणाऱ्याला वाटतं अजून काहीतरी चाललंय, अजून आपण पोचू. तुझ्यात तसं नव्हतं. वाचलं आणि संपलं.’

‘अण्णा, नका ना.’

‘नाही, खरंच सांगतोय. छापखान्यात एवढी वर्षं काढली, एवढं साफ वाक्य आमच्याकडनं निघालं नाही.’ मग म्हणाले, ‘शेवटी लिहिलं होतंस, तुम्हाला आता काहीही करायचं नाही.’

‘ते कागदपत्रांबद्दल होतं. ऑफिसात यायची गरज नाही, अर्ज करायची गरज नाही, असं.’

‘हां. ते आत्ता कळतंय. गाडीत नाही कळलं.’

शर्वरीताई आल्या. समोर उभ्या राहून हात जोडले. त्यांना शब्द सापडेनात, आणि शब्दांवर त्यांच्याइतकी हुकमत असलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. अण्णा उठून उभे राहिले. सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, ‘बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पोरगी आहे, एवढं बास आहे मला. तिला चांगलं शिकवताय तुम्ही.’ धापा टाकत परत आलेल्या फिरोजच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, त्याचं तोंड नीट निरखलं, सांगलीत कोणाचा मुलगा ते विचारलं. चहा आणणाऱ्या मावशींकडेही बघून हसले.

सगळ्यांकडे बघत होते. माझ्याकडे सोडून.

माझ्या आत काहीतरी पेटलं. इतकं होऊनही? मेलेली पोर परत मिळाली तरी राग सुटत नाही? ते दोघं निघून गेल्यावर मी म्हणाले, ‘अजून किती दिवस धरणार आहात?’

‘काय?’

‘राग. एकदा तरी माझ्याकडे बघा.’

‘राग कुठला गं आता,’ ते म्हणाले, खिडकीबाहेर बघत. आणि मग पिशवी माझ्याकडे सरकवली. ‘हे ठेव तुझ्याजवळ.’

आत माझी अबोली साडी होती. पदवी घ्यायला गेले तेव्हा नेसले होते ती. परकर, ब्लाउज, सगळं व्यवस्थित घडी घातलेलं. बाईमाणसाचे कपडे अण्णांनी जन्मात कधी हाताळले नव्हते. माझं कपाट उघडून, आईला न कळता, त्यांनी ते शोधून काढले होते, मला नेसवायला. मी पिशवी बंद केली. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी काय आलं त्याला मला अजून नाव देता येत नाही.

‘नेसत जा,’ अण्णा म्हणाले. ‘चांगलं लुगडं आहे.’

त्यांना आजच्या आज परतायचं होतं. सोलापूरला गेलेला माणूस मुक्कामाला राहिला तर आई कासावीस होईल. मी खूप आग्रह केला, पण ते ऐकेनात. स्वारगेटला जाताना रिक्षात आम्ही शेजारी शेजारी बसलो. माझा हात त्यांनी हातात घेतला होता आणि तोंड रस्त्याकडे होतं. गाडी लागली होती. त्यांना खिडकीची जागा मिळाली. मी खाली खिडकीपाशी उभी राहिले आणि ते पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत बसले.

‘अण्णा, माझं काय चुकलं ते तरी सांगा.’

‘तुझं काही चुकलं नाही.’

‘मग?’

कंडक्टर अजून चढला नव्हता. मग ते हळू आवाजात बोलायला लागले, समोर बघतच.

‘येताना भीमेचा पूल लागला. शेजारी एक बाई होती, तिनं खिडकीतनं नदीत नाणं टाकलं आणि हात जोडले. तुला माहितीये, मी आयुष्यात कधी हात जोडले नाहीत. तुझी आई म्हणून थकली. पण तुझं ते वाक्य डोक्यात घुमत होतं. आता काहीही करायचं नाही. दवाखान्यात न्यायचं नाही, रक्त द्यायचं नाही, कोणाच्या पाया पडायचं नाही. बापानं नुसतं बसायचं. ते मला सहन होईना, उमा. म्हटलं, काहीतरी करू दे मला. मी पण हात जोडले.’

‘आणि?’

‘आणि मागितलं. ती असू दे. कुठंही असू दे, कशीही असू दे, जिवंत असू दे. बदल्यात काय देऊ? नाण्यात काय असतं? तेव्हा सगळ्या जगात मला एकच गोष्ट पाहिजे होती. एकदा तुझं तोंड बघायचं होतं. तेच दिलं. म्हटलं, ती जिवंत असली तर मी पुन्हा तिचं तोंड बघणार नाही.’

स्टँडवर कुठलीतरी गाडी मागे घेत होते, शिट्टीचा आवाज येत होता. मी खिडकीचा गज धरला.

‘अण्णा, तुम्ही देव मानत नाही.’

‘नाहीच मानत.’

‘मग कोणाला दिलंत?’

‘ऐकणारा कोण ते मी विचारलं नाही.’

‘पण मी मेलेच नव्हते! ती चूक होती. एका माणसाचं एक बटण दाबायचं राहिलं, बस्स. तुम्ही पुलावर होता तेव्हा मी इथे धडधाकट बसलेली होते. तुमच्या मागण्यानं काही झालेलं नाही. असलं धरून बसायचं नसतं, अण्णा. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतेय?’

‘कळतंय गं. मी काय अडाणी आहे का? मशीनची चूक होती, ती पण कळतीये.’ त्यांचा आवाज अगदी शांत होता. ‘पण मी कबूल केलं तेव्हा तू गेलेली होतीस. आणि इथं आलो तर पाठीमागनं तुझा आवाज आला. आता मी मान वळवायची आणि बघायचं काय होतं ते? तेवढी छाती माझ्यात नाही.’

कंडक्टरने बेल मारली. गाडी हलली. मला त्या क्षणी एकच सुचलं, की यांनी मला एकदा बघितलं आणि काहीच झालं नाही, की हे भूत उतरेल. मी गाडीबरोबर धावले, पुढे गेले आणि वळून त्यांच्या खिडकीच्या अगदी समोर आले. ‘अण्णा, बघा! बघा ना!’ ते डोळे घट्ट मिटून बसले होते. कपाळाला आठ्या, ओठ दाबलेले, दोन्ही हात मांडीवर. गाडी वळून गेटबाहेर जाईपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

रात्री घरून त्यांचा फोन आला. ‘पोचलो. आईला काही बोलू नकोस.’ आणि मग जेवलीस का, काय जेवलीस.

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. रोज फोन करायचे. मी लिहिलेलं सगळं मागवून घ्यायचे, मोठ्याने वाचायचे, सुधारणा सुचवायचे. माझ्याशी इतकं बोलणारा बाप माझ्या मैत्रिणींपैकी कोणालाच नव्हता. मी घरी गेले की ते पाठ करून बसायचे किंवा माझ्या हातांकडे बघायचे. भिंतीवरचा माझा फोटो त्यांनी आईच्या खोलीत हलवला. लग्नात कन्यादान करताना मान खाली होती. लोक म्हणाले, बापाला अश्रू आवरेनात. आई बिचारी म्हणायची, ‘बोलता एवढं, मग बघायला काय होतं? कसला मेला रुसवा हा!’ मी एकदा फसवायचा प्रयत्न केला. पहाटे ते अंगणात तोंड धूत होते, मी एकदम पुढ्यात जाऊन उभी राहिले. त्यांनी ओल्या हातांनी तोंड झाकून घेतलं आणि असे थरथर कापायला लागले की मीच घाबरून घरात पळाले. पुन्हा कधी तसं केलं नाही.

आणि खरं सांगायचं तर हळूहळू मलाही भीती वाटायला लागली. मी शिकलेली, चूक कुठे झाली ते पुराव्यानिशी माहीत असलेली बाई. तरी आरशात बघताना वाटायचं की या तोंडावर अण्णांची नजर पडली तर काय होईल. त्यांच्यासमोर मी स्वतःच पदर पुढे ओढून घ्यायला लागले.

मला मुलगी झाली आणि दवाखान्यातून मी तिला घेऊन माहेरी आले तेव्हा अण्णांनी तिला मांडीवर घेतलं. मी आतल्या खोलीत दाराआड पडले होते. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

‘कोणासारखी आहे गं?’ त्यांनी आईला विचारलं.

‘इश्श, दिसत नाही का? हुबेहूब उमा. नाक, डोळे, हनुवटीसुद्धा. उमा अशीच दिसते आता, फक्त मोठी झाली.’

मी दाराच्या फटीतून बघितलं. अण्णा उठले, बाळाला घेऊन खिडकीपाशी उजेडात गेले आणि तिच्या तोंडावरचं दुपटं बाजूला केलं. आई दोनदा जेवायला बोलावून गेली, तरी ते तिथेच उभे राहून बघत होते.